उसाच्या वाढ्यावर तीन गाई आहेत, वैरण कशी बसवू? (सल्ला हवा)

कृष्णाकाठ_कराड
नमस्कार मंडळी. माझ्याकडं तीन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. कारखाने सुरू झाले की भावकीत कुणाची ना कुणाची तोड असते, वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारेच्या भारे मिळतात. त्यामुळं नोव्हेंबर ते मार्च दावणीला वाढ्याशिवाय फारसं काही नसतं. गाईमागं तीस किलो वाढे आणि सकाळ-संध्याकाळ एकेक पाटी भिजवलेली सरकी पेंड. कडबा महाग म्हणून दोन वर्षं घेतलाच नाही.

गेल्या महिन्यात थोरली गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठेना. मान कुशीत घालून बसलेली, कान हाताला गार. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, मग उभी राहिली. दुसरी तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. डेअरीत एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) ८.१ लागतो, भाव कापतात. मला वाटतं हे सगळं दावणीतूनच येतंय. दहा लिटरच्या गाईला किती काय घालायचं, हे करून पाहिलेल्यांनी सांगावं. दहा गुंठे मोकळे आहेत, विहिरीला पाणी आहे.

माळरान_सांगोला
दादा, आधी कडबा घ्या. आमच्याकडं हिरवं कमी, पण मालदांडी ज्वारीच्या कडब्यावर जनावर अंग धरून राहतं. कुट्टी करूनच घाला. आख्खा टाकला तर पानं खाऊन बुडखे पायाखाली जातात, पैसे मातीत.

जुना_पशुवैद्य
तुमचा अंदाज बराचसा बरोबर आहे. वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. चार-पाच महिने दावणीत नुसते वाढे असले की गाय दुधातलं कॅल्शियम स्वतःच्या हाडातून पुरवते. शिवाय वाढ्यात प्रथिनं फार थोडी. गाय उलटते त्याची कारणं गर्भाशयातही असू शकतात, ती तपासणी करून घ्याच. पण दावण अशी असताना नुसत्या इंजेक्शनांवर पैसे घालू नका.

आता हिशेब. ४०० किलोच्या गाईला वजनाच्या साधारण ३ टक्के कोरडा भाग लागतो, म्हणजे १२ किलो. हिरव्या वैरणीत पाणीच जास्त, १८-२० किलो हिरव्यातून कोरडा भाग चार-साडेचार किलो मिळतो. तीन किलो कडब्यातून पावणेतीन. उरलेला खुराकातून, म्हणजे पेंड-भरड्यातून. खुराकाचा ठोकताळा असा: शरीर सांभाळायला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागं एक किलो. दहा लिटरला साडेपाच किलो. म्हशीचं दूध घट्ट, तिला दर दोन लिटरमागं एक किलो धरा. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम.

वाढे बंद करा असं मी म्हणणार नाही. फुकट मिळणारी वैरण कोण सोडेल? पण हिरव्याच्या निम्म्यावर ठेवा. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडली तर ऑक्झलेट पोटात जाण्याआधीच त्या कॅल्शियमला चिकटतं, हा साधा उपाय उपयोगाचा आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, कारण यात चांगल्या गाई गेलेल्या मी पाहिल्यात. व्यायच्या आधीचे तीन आठवडे कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका, लसूणघाससुद्धा हात राखून घाला. त्या काळात आयतं भरपूर मिळालं की हाडातून कॅल्शियम काढण्याचं शरीराचं काम मंदावतं. मग व्याल्याबरोबर चिकातून एकदम ओढ लागते आणि गाय बसते. व्याल्यानंतर मात्र कॅल्शियम लगेच चालू करा. पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळून काढू नका. वासराला चीक तासाभराच्या आत मिळालाच पाहिजे.

गोठ्यातली_ताई (संगमनेर)
भाऊ, नुसत्या सरकी पेंडीवर गाई ठेवू नका. आम्हीही तेच करायचो. पेंडीतून प्रथिनं मिळतात, पण ताकदीसाठी धान्य लागतं, आणि माझ्या अनुभवात एसएनएफ तिथंच अडतो. मी घरीच १०० किलोचा घाणा मिसळते: मका भरडा ४०, शेंगदाणा पेंड १५, सरकी पेंड १५, गव्हाचा भुसा (कोंडा) २८, खनिज मिश्रण १, मीठ १. खनिज आणि मीठ यातच आलं, वरून वेगळं घालायचं नाही. पावसाळ्यात पेंडीचं पोतं उघडलं की आधी वास घ्या. बुरशीचा कुबट वास आला तर स्वस्तात मिळालं म्हणून वापरू नका, बुरशीचं विष दुधातही उतरतं.

आणि मुरघास करा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून ठेवा. आम्ही मका दाणा चिकात असताना कापतो, कुट्टी बारीक, बोटाच्या पेराएवढी. ओल किती आहे ते मुठीत कळतं. मूठभर कुट्टी घट्ट दाबायची आणि हात उघडायचा. पाणी ठिबकलं तर अजून ओली आहे, एक दिवस सुकू द्यायची. गोळा लगेच फुटला तर उशीर झाला. गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर राहिला की भरायला घ्या. बॅगेत थर टाकून पायानं तुडवा, हवा राहिली की काळी बुरशी धरलीच. ४५ दिवसांनी तोंड उघडलं की आंबटगोड वास येतो, गाई लांबूनच माना वळवतात. बुरशी लागलेला थर दावणीत टाकायचा नाही, उकिरड्यावर.

डोंगरमाथा
शेळ्यांना वाढे चालतील का? माझ्याकडं बारा आहेत.

जुना_पशुवैद्य
तोंडी लावण्यापुरते. शेळीला झाडपाला हवा: शेवगा, सुबाभूळ, बोर, बाभूळ. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीच ठेवा, त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी घटकानं केस गळतात.

माळरान_सांगोला
दहा गुंठ्यांचं बोलायचं राहिलं. फुले जयवंत लावा, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संकरित नेपिअर गवत आहे, लावायला ठोंबं मिळतात. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढं दर दीड महिन्यानं. खतपाणी वेळेवर दिलं तर गुंठ्याला वर्षाकाठी दीड टनाच्या पुढं जातं, म्हणजे आठ गुंठ्यांत दिवसाला तीस-बत्तीस किलो. उरलेल्या दोन गुंठ्यांत लसूणघास. हिरवी ज्वारी करणार असाल तर फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नका. पावसानं ताण दिलेली गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी खाल्ली की किराळ लागते, म्हणजे तिच्यातलं विष बाधतं, जनावर डॉक्टर येईपर्यंत टिकत नाही. आमच्या शेजारची खिलार कालवड अशीच बांध तोडून शिरली होती. अर्ध्या तासात गेली.

कृष्णाकाठ_कराड
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताणकाटा आणला आणि पहिल्यांदा सगळं तोलून पाहिलं. मी ज्या पाटीला दोन किलो समजत होतो, त्यात कोरडी पेंड सव्वा किलोच भरली. म्हणजे दहा लिटरच्या गाईला दिवसाला अडीच किलो खुराक, साडेपाचच्या जागी. वाईट वाटलं. बिचाऱ्या तेवढ्यावर दूध देत होत्या. कडब्याची गाडी सांगितली आहे, ठोंबं पुढच्या आठवड्यात आणतो. खुराक उद्यापासून साडेपाच करू का?

गोठ्यातली_ताई (संगमनेर)
एकदम नको हो! भरडा अचानक वाढला की पोट आंबतं, गाय रवंथ सोडते, शेण पातळ होतं. तीन दिवसांनी अर्धा किलो असं वाढवत जा, अडीचचे साडेपाच व्हायला अठरा-वीस दिवस लागू देत. दोनऐवजी तीन वेळा विभागून घाला, आणि आंबोणाआधी (भिजवलेल्या खुराकाआधी) थोडी कडब्याची कुट्टी. दुपारी उन्हाला बसल्या असताना बघा, तीनपैकी दोन तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. तसं दिसलं नाही तर तिथंच थांबा, दोन दिवस वाढवू नका.

जुना_पशुवैद्य
ताईंनी सांगितलं तसंच करा. आणि पाणी दिवसभर पुढ्यात असू द्या. दहा लिटरच्या गाईला थंडीतही पन्नास-साठ लिटर लागतं, वैरण कोरडी केली की आणखी. उलटणाऱ्या गाईला पोटात जंत आहेत का, हे शेण तपासून बघा, आणि पुढच्या माजाला भरवण्याआधी गर्भाशयाची तपासणी.