मदत हवी आहे: अमेरिकेतल्या छोट्या गावांचे विटांचे रस्ते

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या छोट्या गावांनी सुरुवातीला विटांचे रस्ते कसे बांधले, यावर लेख लिहितेय. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला, तर इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनने १८७७ साली असा रस्ता केला. घरबांधणीची वीट घोड्यागाड्यांच्या लोखंडी धावांखाली टिकत नसे. म्हणून खूप जास्त आचेवर भाजलेली, पाणी न पिणारी घट्ट वीट आली. मला सगळ्यात भावतं ते पायाचं काम: खाली आडव्या विटांचा थर, मग वाळू, वर कडेवर उभ्या केलेल्या विटा! पुढे खालच्या थराची जागा काँक्रीटने घेतली.

अडचण अशी की एखाद्या गावात हा बदल नेमका कधी झाला, ते कुठे शोधायचं? रस्त्याचा खर्च बऱ्याचदा लगतच्या मालमत्ताधारकांकडून वसूल होई, तेव्हा आकारणीच्या नोंदींत कामाचा तपशील मिळेल का? की नगरसभेची इतिवृत्तं आधी चाळावीत? विटेवरच्या कारखान्याच्या छापावरून काळ ठरवणं कितपत भरवशाचं? जुन्या विटा उपसून दुसरीकडे घालत, त्यामुळे मला शंका वाटते. अशा दप्तरांत काम केलेल्यांनी कृपया सांगावं.