मागच्या पोफळी आणि मिरवेल, रविवारच्या मीटिंगआधी

सुलभाकाकी (३०२): नमस्कार. काल रात्री पोचले. मागच्या पाच पोफळी, जायफळ आणि मिरवेल काढून तिथे गाड्या लावायला पेव्हर घालायचे, अशी नोटीस जिन्यात वाचली. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते. लांबेल, पण वाचा.

स्विंडनहून लेकीने आम्हाला लंडनच्या क्यू गार्डनला नेलं होतं. तिथलं पाम हाऊस म्हणजे लोखंडाचं आणि काचेचं भलंमोठं घर, १८४८ साली पुरं झालेलं. बाहेर अंगावर दोन स्वेटर, आणि दारातून आत शिरले तर चष्म्यावर वाफ! थेट जूनमधलं फोंडा. केळी, कोको, रबर... आपली सदाफुलीसुद्धा. ती मूळची मादागास्करची, आणि तिच्यापासून मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर औषध होतं. आपण ती कुंपणाला लावून विसरतो. पुढे मिरवेल, पाटी लावलेली. नातवाने विचारलं, "आजी, हे तुझ्याकडे आहे?" म्हटलं, आहे तर! आमच्या बिल्डिंगच्या मागेच. मे महिन्यात आलास की दाखवते.

अनिकेत (१०४): काकी, या या! पण चार गाड्या रोज रस्त्यावर असतात, मागच्या पावसात माझा आरसा तुटला. मिरवेल काय, नर्सरीत मिळते.

सुलभाकाकी (३०२): मिळते रे बाबा. तुझा त्रासही खरा आहे. पण पोफळीवर वीस हात चढलेली वेल नर्सरीत मिळत नाही.

तिथेच टेम्परेट हाऊसमध्ये एक झाड पाहिलं. आपल्या गेटजवळच्या सायकसच्या नात्यातलं. दक्षिण आफ्रिकेच्या जंगलात १८९५ साली त्याचं एकच झाड सापडलं, तेही नर. मादी आजवर कोणाला मिळाली नाही. आज जगभरच्या बागांत जी आहेत ती सगळी त्या एकाच्याच फुटव्यांची. जंगलात आता एकही नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते, लेक हाका मारत होती. मिरवेल काही तशी दुर्मीळ नाही, मला कळतं. पण तिथून परत येऊन ही नोटीस वाचवेना.

देसाईसर (२०१): सुलभाबाई, चांगलं लिहिलंत. मिरी आपल्या सह्याद्रीचीच. जायफळ मात्र इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून आलं आणि काजू ब्राझीलहून. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, त्यात मिरी, जायफळ, सुपारी सगळ्यांवर प्रकरणं आहेत. शाळेत मुलांना हे सांगायचो तेव्हा दाखवायला झाड नसायचं. इथे आहे.

रेश्मा (१०२): आमची चिंगी त्याच वेलीचे हिरवे घोस तोडून आणते, मी लोणचं घालते. गेटच्या उजवीकडची बंद टाकी पाडली तर जागा निघेल ना?

सेक्रेटरी: दोन गाड्यांची नक्की निघेल, तीन बसतात का बघावं लागेल. रविवारी सकाळी ९ वाजता सगळ्यांनी टाकीपाशी या, मोजून घेऊ. तोवर कंत्राटदाराला थांबायला सांगतो.

अनिकेत (१०४): टेप मी आणतो. टाकीखालून पाण्याचा पाइप जातो, प्लंबरलाही बोलवा.