मदत हवी आहे : ॲडमिनिस्ट्रेटर असूनही स्वतःचेच फोल्डर उघडता येत नाही

शेतीवाडी
नमस्कार. एक फोल्डर उघडायला गेलो की परवानगी नाही असा संदेश येतो आणि काम तिथेच अडते. लॉगिन माझेच आहे, खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे आहे आणि हा संगणक घरात दुसरे कोणी वापरत नाही. फोल्डरमध्ये सातबारा उतारे, फेरफाराच्या नोंदी आणि आजोबांच्या खरेदीखताच्या स्कॅन केलेल्या प्रती असून त्या सोमवारी वकिलांकडे पोहोचवायच्या आहेत. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रीड ओन्ली'ची खूण काढली, परंतु ती पुन्हा येऊन बसते. कृपया नेमका उपाय सांगावा, वेळ फार थोडा आहे.

मोगरा
नेमका उपाय सांगण्यासाठी आधी नेमकी माहिती हवी. विंडोज कोणते आहे, फोल्डर कोणत्या ड्राइव्हवर आहे आणि संदेशात शब्दशः काय लिहिले आहे? एका संदेशात 'कंटिन्यू'चे बटण असते आणि ते दाबल्यावर बहुतेक वेळा फोल्डर उघडते. दुसऱ्या संदेशात थेट नकार असतो आणि सिक्युरिटी टॅबकडे बोट दाखवलेले असते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. 'रीड ओन्ली'च्या मागे मात्र लागू नका. त्या चौकटीत जो भरीव चौकोन दिसतो तो फोल्डरविषयी काहीच सांगत नाही, त्याचा संबंध फक्त आतल्या फाइलींशी असतो आणि तुमच्या अडचणीशी तर मुळीच नाही.

गोदाकाठ
इतक्या चौकशीची गरज नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट या क्रमाने जा, 'एव्हरीवन' हे नाव घाला आणि 'फुल कंट्रोल' द्या. आमच्या कार्यालयात मी सर्व संगणकांवर हेच करून ठेवले असून आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

मोगरा
गोदाकाठ, 'एव्हरीवन'ला पूर्ण ताबा देणे म्हणजे त्या संगणकावरील प्रत्येक खात्याला, मुलांच्या खात्यालासुद्धा, त्या फाइली पुसण्याचा अधिकार देणे होय. जमिनीच्या कागदपत्रांसाठी हा सल्ला मी कधीही देणार नाही. शिवाय फोल्डरची मालकी वा परवानग्या बदलण्याचा अधिकार आपल्याकडे नसेल, तर 'एडिट' दाबूनही काही बदलता येत नाही.

शेतीवाडी
विंडोज ११ होम आहे. ड्राइव्ह 'ई' आहे. संदेशात 'कंटिन्यू' होते, ते दाबल्यावर नकाराचा दुसरा संदेश आला. गोदाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे केले, तर सिक्युरिटी टॅबमध्ये परवानग्या पाहण्याचाही अधिकार नाही असे दिसते. मालकाच्या जागी नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा लांबलचक आकडा आहे. हा विषाणू असावा काय?

जुनीसडक
विषाणू नाही. परंतु आता एका प्रश्नाचे उत्तर द्या : 'ई' ड्राइव्ह आला कोठून? ही हार्ड डिस्क पूर्वी दुसऱ्या संगणकात होती काय?

शेतीवाडी
होय, अर्थातच. जुन्या संगणकाचा मदरबोर्ड गेला असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, म्हणून त्यातील डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि नव्या लॅपटॉपला जोडली. फाइली माझ्याच आहेत, खात्याचे नावही तेच आहे.

जुनीसडक
सगळ्या अडचणीचे मूळ इथेच आहे. एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची नेहमीची पद्धत) पद्धतीच्या डिस्कवर मालकाचे नाव नोंदवलेले नसते. विंडोजने त्या खात्याला दिलेला क्रमांक नोंदवलेला असतो. तो क्रमांक जुन्या संगणकावर तयार झाला. नव्या लॅपटॉपच्या दृष्टीने तो कोणा अनोळखी माणसाचा आहे, म्हणून नाव न दिसता नुसता आकडा दिसतो. 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' या गटाचा क्रमांक मात्र सर्व विंडोज संगणकांवर सारखाच असतो, म्हणून अशी पुष्कळशी फोल्डरे 'कंटिन्यू' दाबताच उघडतात. तुमचे उघडले नाही, याचा अर्थ जुन्या संगणकावर कोणीतरी त्या गटाचाही अधिकार काढून फोल्डर एकट्यापुरते ठेवले होते. अशा वेळीही ॲडमिनिस्ट्रेटरकडे एक अधिकार शिल्लक राहतो, तो म्हणजे मालकी आपल्याकडे घेण्याचा.

तुषारबिंदू
याहून सोपा मार्ग सुचवतो. नव्या लॅपटॉपवर जुन्याच नावाचे आणि जुन्याच पासवर्डचे दुसरे खाते उघडा, म्हणजे फोल्डर ओळख पटवून घेईल.

जुनीसडक
तुषारबिंदू, तसे होत नाही. नाव आणि पासवर्ड अगदी तेच ठेवले तरी नव्या खात्याला क्रमांक नवाच मिळतो, आणि परवानगी क्रमांकाला दिलेली असते.

लिनक्सप्रेमी
मी अनेकांची अशी कामे केली आहेत, म्हणून आग्रहाने लिहितो. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स प्रणालीचा एक प्रकार) घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा, डिस्क जोडा आणि फाइली सरळ उचला. अशा रीतीने सुरू केलेले लिनक्स विंडोजच्या या परवानग्या सहसा विचारातच घेत नाही, त्यामुळे मालकी बदलण्याचा व्याप उरत नाही आणि मूळ डिस्कवर काहीही न लिहिता नक्कल होते. जुने विंडोज हायबरनेट अवस्थेत (पूर्ण बंद न होता काम गोठवून) राहिले असेल तर डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडली जाईल, परंतु आपल्याला तेवढेच पुरते.

मोगरा
मार्ग चांगला आहे, परंतु ज्यांनी कधी लिनक्स पाहिलेले नाही आणि ज्यांच्या हाती थोडेच दिवस आहेत, त्यांना विंडोजमधूनच काम उरकणे सोपे जाईल. शेतीवाडी, क्रम असा ठेवा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब उघडून 'ॲडव्हान्स्ड' दाबा. वर 'ओनर'समोर 'चेंज' आहे. तिथे आपल्या खात्याचे नाव लिहून 'चेक नेम्स' दाबा. ईमेलवर चालणारे खाते असेल आणि नाव स्वीकारले गेले नाही, तर पूर्ण ईमेल पत्ता लिहून पाहा. नाव बसले की खाली उपफोल्डरांचेही मालक बदला अशा अर्थाची चौकट उगवते, तिच्यावर खूण करून 'ॲप्लाय' करा. त्यानंतर सर्व खिडक्या बंद करून पुन्हा त्याच जागी या, कारण नवी मालकी मिळाल्याशिवाय परवानग्यांची यादी दिसत नाही. आता 'ॲड'मधून स्वतःला 'फुल कंट्रोल' द्या आणि सर्वांत खालच्या चौकटीवर खूण करा, म्हणजे तीच परवानगी आतपर्यंत जाईल. हे सर्व फक्त त्या एका फोल्डरवर करायचे आहे. अंगवळणी पडले म्हणून लॅपटॉपच्या स्वतःच्या 'सी' ड्राइव्हवर हाच प्रयोग कराल, तर विंडोजच्या आपल्या फाइलींची मालकी विस्कटेल आणि ती पूर्ववत करणे फार अवघड जाते.

आजोळ
महत्त्वाची कागदपत्रे असतील तर फोल्डरला पासवर्ड लावणे श्रेयस्कर. सेव्हन-झिप या प्रोग्रामने पासवर्डसह बंद फाइल तयार करता येते आणि त्याच्या स्वतःच्या '७झेड' पद्धतीत नावेसुद्धा लपवता येतात. ही सूचना आमच्या सोसायटीत सर्वांना उपयोगी पडली.

जुनीसडक
आजोळताई, सूचना उपयुक्त आहे, परंतु या गृहस्थांना कुलूप लावायचे नसून उघडायचे आहे.

शेतीवाडी
मोगरा, मनःपूर्वक आभार. आपल्या क्रमाने गेलो आणि सातबारा व फेरफार दोन्ही उघडले. मात्र 'खरेदीखत' हे उपफोल्डर अडून बसले आहे. फाइलींची नावे दिसतात, मालक मीच दिसतो, परवानगीही पूर्ण दिसते, तरी फाइल उघडताना वा नक्कल करताना पुन्हा तोच नकार येतो. प्रत्येक फाइलच्या चित्रावर बारीक कुलूप आहे. सर्वांत महत्त्वाचे कागद तेच आहेत.

गोदाकाठ
म्हणूनच मी 'एव्हरीवन' सांगितले होते. आता तरी देऊन पाहा.

जुनीसडक
कृपया देऊ नका, त्याने काहीही साधणार नाही. एका फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'जनरल'खालचे 'ॲडव्हान्स्ड' उघडा आणि 'एन्क्रिप्ट कंटेंट्स'वर खूण आहे काय ते सांगा. जुने विंडोज कोणते होते आणि ते कोण हाताळत असे, हेही सांगा.

शेतीवाडी
खूण आहे. जुने विंडोज ७ प्रोफेशनल होते. संगणक थोरल्या बंधूंनी लावून दिला होता, ते आता नाशिकला असतात. त्यांना विचारले, तर हे कागद कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनीच ती खूण केली होती असे म्हणाले.

लिनक्सप्रेमी
मग मी माझा सल्ला या फोल्डरपुरता मागे घेतो. तिथे उबुंटूचाही उपयोग नाही, नावे दिसतील आणि मजकूर निरर्थक राहील.

जुनीसडक
लिनक्सप्रेमी यांनी बरोबर सांगितले. परवानगी हा विंडोजने पाळायचा नियम आहे, तो मालकाला बदलता येतो. इथे मजकूरच सांकेतिक रूपात लिहिलेला असून तो सोडवण्याची किल्ली बंधूंच्या जुन्या खात्यात आहे, आणि ती किल्ली त्या खात्याच्या पासवर्डने बंद केलेली आहे. पहिल्यांदा अशी खूण केली की विंडोज ७ किल्लीची प्रत काढून ठेवण्याची सूचना देत असे. बंधूंनी ती प्रत काढली असेल तर पीएफएक्स नावाने संपणारी फाइल एखाद्या सीडीवर वा पेनड्राइव्हवर सापडेल. ती नसेल तर जुने विंडोज पुन्हा चालू करून त्यांच्याच पासवर्डने आत जाणे हा सरळ मार्ग उरतो. दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. डिस्कवरील 'युजर्स' फोल्डरातील काहीही पुसू नका, कारण किल्ली तिथेच आहे. आणि पासवर्ड आठवत नाही म्हणून तो पुसून टाकणारी साधने वापरू नका. पासवर्ड बाहेरून बदलला की खाते उघडते, पण किल्ली उघडत नाही.

तुषारबिंदू
विंडोज ७ आता कोणी वापरू नये, त्याला २०२० सालापासून सुरक्षेची सर्वसाधारण अद्यतने मिळत नाहीत. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली.

मोगरा
इंटरनेटची तार न जोडता तासाभरापुरते विंडोज ७ चालवण्यास काहीच हरकत नाही. शेतीवाडी, खरा प्रश्न वेगळाच आहे : मदरबोर्ड गेला हे निदान कशावरून झाले? संगणक अजिबात सुरू होत नसेल तर पुष्कळदा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) गेलेला असतो, आणि तो बदलून पाहणे तुलनेने स्वस्त पडते. ओळखीच्या कोणाकडून चालू स्थितीतला एसएमपीएस घेऊन जाणकाराकरवी लावून पाहा.

शेतीवाडी
शेजारच्या सायबर कॅफेवाल्या काकांनी आपल्या एका संगणकाचा एसएमपीएस काढून लावला आणि जुना संगणक सुरू झाला. डिस्क मूळ जागी बसवली, बंधूंना फोन करून पासवर्ड विचारला आणि त्यांच्या खात्यातून फोल्डर उघडले. खरेदीखताची सर्व पाने स्वच्छ दिसत आहेत, शेवटच्या पानावरचा आजोबांचा अंगठासुद्धा. आता ही पाने लॅपटॉपवर नेली तर पुन्हा कुलूप लागेल काय?

जुनीसडक
बंधूंच्याच खात्यात असताना फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील 'एन्क्रिप्ट'ची खूण काढा आणि आतल्या सर्व फाइलींना तो बदल लागू करा. मगच एक्सफॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर नक्कल करा. त्या पद्धतीत मालकाचा क्रमांक राहत नाही आणि कुलूप तर आधीच निघालेले असेल, त्यामुळे लॅपटॉपवर उतरवलेल्या फाइली सरळ तुमच्या खात्याच्या होतील. त्यासाठी पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा लागला तर त्यावरील सर्व काही पुसले जाते, म्हणून रिकामाच पेनड्राइव्ह घ्या.

मोगरा
लॅपटॉपवर प्रत्येक फाइल उघडून पाहा, नुसती नावे मोजू नका. सर्व पाने वाचता आली की मगच काकांचा एसएमपीएस परत करा.