कचरा कमी झाला तर वेचणाऱ्या ताईंच्या पोटाचं काय?

पाणकळा:
पुण्यात १०० घरांची सोसायटी आहे. वापरच आटोक्यात आणायचा हा डिग्रोथचा विचार सभासदांना पटलाय. ऑनलाइन मागवणं कमी, बाटलीबंद पाणी बंद, ओला कचरा आवारातच जिरवायचा. पण पुठ्ठा नि बाटल्या विकून कचरा नेणाऱ्या दोन ताईंचं घर चालतं. आपल्या साधेपणाची झळ त्यांना का बसावी? सुरुवात कुठून करू?

रानवारा:
जे विकलं जात नाही तिथून. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा यांना भंगारवाल्याकडे भाव आहे. ओला कचरा, डायपर, वेफर्सची चकचकीत पाकिटं यांचं नुसतंच ओझं. (पाकिटात प्लास्टिक-अॅल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात, सुटे होत नाहीत, म्हणून कुणी घेत नाही.) हे घटवलंत तर ताईंचा रुपयाही बुडत नाही. आणि पुठ्ठ्याला आमटी लागली की भाव पडतो. सुका कचरा कोरडा दिलात तरी त्यांच्या हातात जास्त पैसे पडतील. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे कुणाला उघडून बघावं लागत नाही.

पालापाचोळा:
खताचं काम त्यांनाच द्या, पगार देऊन. १०० घरांचा ओला कचरा रोज ५० किलोच्या आसपास धरा. एक बादली ओल्याला एक ते दीड बादली वाळका पाला, आठवड्यातून एकदा उलथापालथ. मूठभर मिश्रण दाबल्यावर तळहात ओलसर व्हावा. पाणी टपकलं तर पाला वाढवा. नाकात झोंबणारा वास आला तर पाला कमी पडलाय, आंबूस आला तर हवा खेळत नाहीये. घोळ होतो तो पावसाळ्यात, कोरडा पाला मिळतच नाही. मार्च-एप्रिलमध्येच पोती भरून आडोशाला ठेवा.

उंबरठा:
हे सगळं बरोबर, पण बाटल्या-पुठ्ठाही कधीतरी घटणारच, घटायलाच हवा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून कचरावेचकांसाठी लढतेय. तिच्यातून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला: घरटी सेवाशुल्क, शिवाय भंगारावर हक्क. बहुतेक जणी दलित समाजातल्या, भाव पडला की पहिला फटका त्यांनाच. म्हणून कपातीआधी महिनाभर पुठ्ठा-बाटल्या ताईंसमोर तोलून नोंदवा, त्या-त्या दिवशीच्या भावाने रक्कम काढा. पुढे महिन्याला १,५०० रुपये घटले तर घरटी १५ रुपये शुल्क वाढवा. ठरावात मात्र 'मदत' लिहू नका, 'सेवाशुल्क'च लिहा. मदत पुढची कमिटी एका सभेत बंद करते.