चॉकलेट पीनट बटर कुकीज: वरून खारट हव्या होत्या, आतूनच खारट झाल्या

सई_ठाणे

मंडळी मदत करा, वैतागलेय. मे महिन्यात न्यू जर्सीला नणंदेकडे गेलो होतो तेव्हा तिने चॉकलेट पीनट बटर कुकीज केल्या होत्या आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या वरून चिमूटभर जाडं मीठ भुरभुरवलं. मला आधी वाटलं कुकीवर कसलं मीठ, पण खाल्ल्यावर कळलं. आधी चॉकलेट, मग भाजलेले दाणे आणि मधेच कुठेतरी कुरकुरीत मिठाचा कण कट्कन लागतो. बस्, डोक्यातून जाईना.

तिच्याकडून व्हॉट्सॅपवर कृती घेतली आणि रविवारी घाट घातला. बटर 1 स्टिक लिहिलं होतं, मी आपलं पिवळ्या बटरचं 100 ग्रॅमचं अख्खं पाकीट घातलं. पीनट बटर घरीच केलं, दाणे भाजून सालं पाखडून मिक्सरला फिरवले. कोशर सॉल्ट 1 टीस्पून लिहिलं होतं ते काय प्रकरण आहे माहीत नव्हतं, म्हणून रोजचं मीठ 1 टीस्पून. 11 मिनिटं सांगितली होती पण तेव्हा हात लावला तर लिबलिबीत, म्हणून 20 मिनिटं ठेवल्या.

निकाल: खारट! वर पुन्हा कोरड्या ठणठणीत, हातात घेतली की भुगा. नवरा म्हणाला दाण्याची चटणी गोड केलीस का. सासूबाई बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, चहात बुडवून खायला गेल्या तर अर्धी कुकी कपाच्या तळाशी जाऊन बसली, मग चमच्याने काढून खाल्ली. आणि वर भुरभुरवलेलं मीठ दुसऱ्या दिवशी डब्यात गायब, नुसते ओले डाग. नक्की कुठे चुकलं? (कन्व्हेक्शन नाही, पंखा नसलेला साधा 28 लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे.)

भट्टीवाला

सई, मिठाचा हिशोब मांडू आधी, तिथेच सगळं आहे. कोशर सॉल्ट म्हणजे जाड्या, पोकळ कणांचं मीठ. ज्यू लोकांत मांसातलं रक्त काढायला मीठ लावून ठेवतात त्यावरून ते नाव पडलं. कण हलके असल्यामुळे त्यातल्या एका नावाजलेल्या ब्रँडचं 1 टीस्पून मीठ साधारण 3 ग्रॅमच भरतं. आपल्या बारीक मिठाचा तोच चमचा 6 ग्रॅम. म्हणजे इथेच दुप्पट. त्यात आपलं पिवळं बटर मुळात खारं, 100 ग्रॅममध्ये 2 ग्रॅमच्या आसपास मीठ असतंच, आणि तिकडच्या कृतीत नुसतं बटर लिहिलं की बहुतेकदा बिनमिठाचं धरलेलं असतं. 3 ग्रॅमच्या जागी 8 ग्रॅम गेलं गं!

मीठ चमच्याने मोजूच नकोस, काट्यावर मोज. नाहीतर सरळ असं कर, पिठात मीठ शून्य, बटर खारं असेल तर तेवढं पुरतं. वरचं मीठ हाच तर त्या कुकीचा मुद्दा आहे, आत आधीच खार असला तर वरचा कण जिभेला लागणारच कसा?

आणि 11 मिनिटांना लिबलिबीत असतात त्या तशाच असायला हव्यात. कडा सेट झाल्या, मधला भाग अजून ओलसर दिसतोय की बाहेर काढायच्या आणि ट्रेवरच 10 मिनिटं हात न लावता ठेवायच्या. गार होताना घट्ट होतात. कोकोमुळे पीठ मुळातच काळं, नानकटाईसारखा रंग बघून काही कळत नाही, त्यामुळे सगळेच जास्त भाजतात. मीही भाजल्यात. एकदा घरातल्या कुत्र्यानेसुद्धा नुसती हुंगली आणि निघून गेला (बरंच झालं, चॉकलेट त्यांना विषारी असतं).

उगाच_माहिती

कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या अमेरिकन कृषिशास्त्रज्ञाने 1916 साली भुईमुगाच्या 105 पाककृतींची पुस्तिका काढली, त्यात शेंगदाण्याच्या कुकीज आहेत पण कुटलेल्या दाण्यांच्या. काट्याने दाबून वर जाळी पाडायची पद्धत 1930च्या दशकात छापील कृतींत दिसायला लागते. ती नुसती नक्षी नाही बरं, हे पीठ जड असतं, आपणहून फारसं पसरत नाही, दाबलं नाही तर मधे गोळा कच्चा राहतो.

दुसरं, मिठाने कडूपणा दबतो आणि तो दबला की गोडवा वर येतो, यावर 1997 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात शोधनिबंध आला होता. कोको कडू, म्हणून चॉकलेटवर मीठ जमतं. आपल्याकडे कलिंगडावर, पेरूवर मीठ लावायला कुणी शोधनिबंध वाचला नव्हता ही गोष्ट वेगळी.

सोलापूरची_सून

सई ताई, खारटपणाचं वरती कळलंच, भुग्याचं मी सांगते. तुमचं पीनट बटर झालंच नव्हतं, ते ओलसर कूट होतं. मला कसं माहीत, तर आमच्याकडे शेंगा चटणी उखळात कुटतात ती तेल सुटेपर्यंत, आणि लग्न होऊन आल्यावर मी पहिल्यांदा केली ती तशीच अर्धवट राहिलेली. सासूबाईंनी बोटांत दाबून बघितली आणि म्हणाल्या, तेल कुठंय?

मिक्सरमध्ये आधी कूट होतं, मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटतो आणि मिक्सर नुसता गरगरतो, इथे सगळ्यांना वाटतं झालं. नाही झालं. बंद करायचं, चमच्याने खरवडून मधे आणायचं, मिक्सर गार होऊ द्यायचा, परत फिरवायचं. चार-पाच वेळा केलं की एकदम गोळा मोडतो आणि चकचकीत, ओघळणारं होतं. चमच्यावरून धार पडली पाहिजे. दाणे कोमट असतानाच फिरवले तर लवकर होतं. वरून तेल घालायची गरज नाही, दाण्यात निम्म्याच्या जवळपास तेलच असतं.

तरीपण खरं सांगू का, पहिल्यांदा करताना या कुकीला बाजारचंच वापरा. त्यात घट्ट केलेलं तेल आणि साखर असते, म्हणून ते वेगळं होत नाही आणि कुकी धरून राहते. घरच्याचं तेल भट्टीत सुटतं, कुकी वरून तेलकट आणि आतून रवाळ होते. घरचंच हवं असेल तर साखर 2 चमचे वाढवा आणि पीठ फ्रीजमध्ये तासभर ठेवा.

माझं माप घ्या: बिनमिठाचं बटर 115 ग्रॅम (तुमची ती 1 स्टिक म्हणजे 113 असते, 100 नाही), पीनट बटर 125, ब्राउन शुगर 100, साधी साखर 75, अंडं 1, मैदा 125, कोको 30, सोडा अर्धा टीस्पून, डार्क चॉकलेटचे तुकडे 100. बटर-साखर फेटून मग अंडं, मग पीनट बटर, कोरडं शेवटी, आणि मैदा गेला की फार मळायचं नाही. 30 ग्रॅमचे गोळे केले तर 24 होतात. 175 अंश सेल्सियसला 10-11 मिनिटं, दोन्ही रॉड चालू, मधला कप्पा. थोडे चॉकलेटचे तुकडे बाजूला ठेवून शेवटी गोळ्यांवर वरून खोचा, कशासाठी ते खाली कुणीतरी सांगेलच.

पर्वरीचो_मनीस

मी सांगतो! वरून खोचलेलं चॉकलेट भट्टीतून येताना वितळलेलं असतं, मीठ त्याच्यावर टाकायचं, ते गार होताना मिठाला धरून ठेवतं. कोरड्या कुकीवर टाकलेलं मीठ घरंगळून ट्रेमध्येच जातं. आणि भाजायच्या आधी टाकलंत तर पिठातला ओलावा ओढून विरघळतं, कुरकुर गेली.

आता मीठ कुठलं. ते इंग्लंडचं पापुद्र्याचं मीठ छान आहे पण छोट्या डब्याची किंमत बघून मी परत ठेवलं. आमच्याकडे गोव्यात आगरवाड्याला, रायबंदरला मिठागरं आहेत, तुमच्याकडे उरण, वसई. मिठागराचं जाडं मीठ घ्या, पण खडा तसाच टाकू नका, दात जाईल. मी दोन तऱ्हेने करतो. घाईत असलो तर खडे तव्यावर मंद आचेवर कोरडे करायचे, तडतड थांबली की खलबत्त्यात दोनच ठोके, मग चहाच्या गाळणीतून चाळायचं. खाली पडेल ती पूड आमटीला, गाळणीत राहील ते रवाळ मीठ कुकीला.

वेळ असला तर मीठ गरम पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवायचं, जाड फडक्यातून दोनदा गाळायचं (माती किती निघते ते बघून गप्प व्हाल), आणि पसरट भांड्यात अगदी मंद आचेवर, उकळू न देता, न ढवळता ठेवून द्यायचं. वर पाण्यावर पातळ पापुद्रे धरतात, चौकोनी, मधे खोलगट. झाऱ्याने अलगद उचलून फडक्यावर वाळवायचे. पहिल्यांदा ते तरंगताना बघितले तेव्हा बायकोला झोपेतून उठवून दाखवले. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

डब्यात मीठ ओलं झालं त्यात तुमची चूक नाही. हवेत 75 टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की मीठ आपोआप पाणी धरतं, जुलैत ठाण्यात काय आणि इथे काय, त्याच्या वरच असतो. जाड्या मिठात मॅग्नेशियम असतं ते तर अजून लवकर ओलं होतं. म्हणून पावसाळ्यात सगळ्या एकदम भाजू नका. गोळे करून फ्रीझरला टाका, लागतील तेवढे सहा काढा, मिनिट-दोन मिनिटं जास्त भाजा, मीठ घाला आणि त्याच दिवशी संपवा.

सई_ठाणे

सगळ्यांना थँक्यू, परवा केल्या! बाजारचं पीनट बटर, बिनमिठाचं बटर, पिठात मीठ नाही. साडेदहा मिनिटांना काढल्या आणि ट्रेकडे पाठ करून उभी राहिले, नाहीतर हात लावलाच असता. मीठ खलबत्त्यातलं, पापुद्र्याचं धाडस पुढच्या वेळी. धरून राहिल्या, मध्ये मऊ, आणि तो कट्कन लागणारा कण आला एकदाचा. पहिल्या ट्रेला मीठ जरा सढळ पडलं, दुसरीला प्रत्येकी मोजून पाच-सहा कण टाकले ते बरोबर वाटलं.

पर्वरीकर, तव्यावर मीठ तडतडून एक खडा थेट माझ्या चष्म्यावर आला, हे आधी लिहायचं होतंत!

सोलापूरच्या ताई, जाऊबाई अंडं खात नाहीत, श्रावणात घरी येतायत. अंड्याऐवजी काय घालू? दही चालेल का?

सोलापूरची_सून

दही नको, कुकी केकसारखी फुगते. जवसाची पूड 1 टेबलस्पून, 3 टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवून ठेवा, बुळबुळीत झाली की अंड्याच्या जागी ती. कडा थोड्या कमी कुरकुरीत होतील. आणि आधी दोनच गोळे भाजून बघा, मग बाकीचे.

भट्टीवाला

मीठ तव्यावर असताना वर झाकण तिरकं ठेवायचं गं. चष्मा होता म्हणून वाचलीस.