न्याहारी होताच शौचास का जावे लागते?

प्रश्न (मालवण): सकाळी उकड्या तांदळाची पेज खाऊन होते न होते तोच मला शौचास जावे लागते. खाल्लेले इतक्या लवकर खाली उतरते काय?

उत्तर: नाही. जठर ताणले गेले की मज्जातंतू आणि गॅस्ट्रिनसारखी संप्रेरके यांच्यामार्फत मोठ्या आतड्याला संदेश पोहोचतो, आणि सुमारे १.५ मीटर लांबीच्या त्या आतड्यात आधीच साठलेला, बहुधा कालपरवाच्या जेवणाचा मळ पुढे ढकलला जातो. तुमची पेज तेव्हा बहुतांशी जठरातच असते.

दुसरे उत्तर: ही प्रतिक्रिया सकाळी अधिक जोरकस असते आणि स्निग्ध पदार्थांनी वाढते, म्हणून सोबतच्या खोबऱ्याच्या चटणीचाही त्यात थोडा वाटा असावा. मात्र शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

प्रश्नकर्ता: तसे काही नाही. पेजेला मी उगाचच दोष देत होतो.