सिन्नरचं गारगोटी संग्रहालय, मुलांना घेऊन
मुलं नुसते दगड बघून कंटाळतील, ही शंका मला पटत नाही. नाशिकजवळच्या सिन्नरमधल्या गारगोटी या खनिजांच्या संग्रहालयात त्यांना जरूर न्या, फक्त जाण्याआधी घाटातला एखादा काळा, भोकाभोकांचा दगड हातात द्या. तो दगड म्हणजे थिजलेला लाव्हा; साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले, एवढं सांगितलं तरी पुरतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज स्टिलबाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेलं असतं. आमची लेक तिथे काचेला नाक लावून उभी! "बाबा, हा रंग कुणी लावला?" तो त्यातल्या व्हॅनेडियम या धातूचा. स्कोलेसाइट या खनिजाचे सुयांसारखे स्फटिकही चुकवू नका. सगळ्या पाट्या वाचायचा आग्रह मात्र धरू नका, आवडेल त्या कपाटापाशी रेंगाळू द्या.